विश्लेषण : जुन्या नकाशावरची पोकळ वर्तुळे… अमेरिकेतील हरवलेल्या तेलविहिरी कशा सापडत आहेत?

अमेरिकेत लाखो जुन्या तेल व वायूविहिरींची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही. मालक गेले, कंपन्या बुडाल्या, कागद गहाळ झाले. विहिरी मात्र जमिनीत तशाच आहेत आणि त्यांतल्या काही आजही मिथेन सोडत आहेत. त्यांचा ठावठिकाणा लावण्यासाठी शास्त्रज्ञ आता अर्धशतकापूर्वीच्या कागदी नकाशांकडे वळले आहेत. शाळेत भूगोलाच्या तासाला पाहिलेला ‘स्थलनिर्देशक नकाशा’ या शोधात कसा कामी येतो, याविषयी…

नेमके प्रकरण काय?

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे, म्हणजे ‘यूएसजीएस’चे जुने नकाशे त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तपासले. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस व कर्न आणि ओक्लाहोमा राज्यातील ओसेज व ओक्लाहोमा अशा चार काउंटींपुरती ही तपासणी होती. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. या चार काउंटींत मिळून सरकारी यादीत नसलेल्या १,३०१ संभाव्य विहिरी नकाशांवर आढळल्या. बातमीच्या दृष्टीने हा आकडा मोठा आहेच. पण ज्या कागदाला कुणी आता विचारत नव्हते, त्याने हा पुरावा जपून ठेवला होता, हे अधिक लक्षणीय.

स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे काय?

रस्त्यांचा नकाशा रस्ते दाखवतो, राजकीय नकाशा सीमा दाखवतो. स्थलनिर्देशक नकाशा जमिनीवर जे जे आहे ते सगळे दाखवतो. टेकडी किती उंच, ओढा कुठून कुठे जातो, झाडी कुठे, घर कुठे, शाळा कुठे, विहीर कुठे. आपल्याकडे याला सर्रास ‘टोपोशीट’ म्हणतात.

यूएसजीएसची स्थापना १८७९ ची. देशाचे पद्धतशीर स्थलनिर्देशक नकाशे तयार करण्याचे काम तिने १८८० च्या दशकात हाती घेतले. त्यांतली सर्वात तपशीलवार मालिका विसाव्या शतकाच्या मध्यात वेगाने पुढे सरकली आणि १९९२ च्या सुमारास पूर्ण झाली. या मालिकेत ५५ हजारांहून अधिक नकाशे आहेत. नकाशाप्रमाण १ : २४,०००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे २४० मीटर. ओक्लाहोमाच्या अक्षांशावर असा एक नकाशा साधारण १४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद प्रदेश व्यापतो. आपल्याकडचा नेहमीचा टोपोशीट १ : ५०,००० प्रमाणाचा असतो. त्याच्याशी तुलना केली, तर अमेरिकी नकाशात तपशिलाला दुपटीहून अधिक जागा मिळते हे लक्षात येईल.

तेलप्रदेशाचा नकाशा वाचायचा कसा?

रंगांपासून सुरुवात करावी. तपकिरी रंगात समोच्च रेषा असतात. त्या जवळजवळ आल्या की चढ तीव्र, दूरदूर असल्या की जमीन सपाट. निळा रंग पाण्याचा. सलग निळी रेषा बारमाही प्रवाहाची, तुटक रेषा पावसाळी ओढ्याची. हिरवा रंग झाडीचा. काळ्या रंगात माणसाने उभारलेले सारे काही असते : घरे, शाळा, चर्च, रेल्वे, पाइपलाइन. मोठे रस्ते लाल. काही नकाशांवर जांभळा रंगही दिसतो. हवाई छायाचित्रे पाहून नंतर घातलेली, पण प्रत्यक्ष जागेवर जाऊन न तपासलेली ही भर असते. त्यामुळे जांभळ्या खुणेवर थोडा कमी भरवसा ठेवायचा.

ओक्लाहोमासारख्या राज्यांत नकाशावर लाल रेषांची चौकट दिसते. तिथली जमीन एक-एक चौरस मैलाच्या तुकड्यांत मोजलेली आहे. अशा तुकड्याला ‘सेक्शन’ म्हणतात आणि त्यात ६४० एकर येतात. प्रत्येक सेक्शनला क्रमांक असतो. आपल्या गट नंबराचे काम तिथे हा क्रमांक करतो.

आता मुख्य खूण. तेल किंवा वायूची विहीर नकाशावर छोट्या पोकळ काळ्या वर्तुळाने दाखवतात. शेजारी बहुधा तेल की वायू असे लिहिलेले असते. भरीव काळे वर्तुळ दिसले, तर ती साठवणुकीची टाकी. एकाकी वर्तुळ दिसले, तर कुणीतरी नशीब आजमावून पाहिले असावे. वर्तुळे ठरावीक अंतराने ओळीत असली, तर ते आखून विकसित केलेले तेलक्षेत्र. अनेक वर्तुळांपर्यंत कच्च्या रस्त्याची दुहेरी तुटक रेषा जाते आणि तिथेच संपते. गावाला न जाणारा, शेतालाही न जाणारा रस्ता माळरानात मध्येच संपत असेल, तर त्याच्या टोकाला काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

एवढ्या विहिरी हरवल्या कशा?

अमेरिकी तेलउद्योगाचा आरंभ सामान्यतः २७ ऑगस्ट १८५९ पासून मानतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीला जेमतेम ६९ फुटांवर तेल लागले. त्यानंतर जी झुंबड उडाली, ती पुढची अनेक दशके थांबली नाही. त्याच परिसरातील पिटहोल हे गाव १८६५ मध्ये काही महिन्यांत हजारोंच्या वस्तीचे शहर झाले आणि काही वर्षांतच ओस पडले. गर्दी पांगली, भोके राहिली.

त्या काळात विहीर खोदायला परवाना लागत नसे आणि ती बंद करण्याचे नियमही नव्हते किंवा नावापुरते होते. पेनसिल्व्हेनियात परवाना सक्तीचा व्हायला १९५० चे दशक उजाडले. तेल आटले की खोदणारा दुसरीकडे निघून जाई. विहिरीच्या तोंडात झाडाचे खोड, दगडगोटे, माती, हाताला येईल ते कोंबले जाई. दुसऱ्या महायुद्धात पोलादाला मागणी वाढली, तेव्हा कित्येक विहिरींचे केसिंग उपसून भंगारात गेले. आपल्याकडे बोअरला जी केसिंगची नळी घालतात, तशीच ही पोलादी नळी. ती निघाली की विहिरीची शेवटची ठळक खूणही जाते.

कागदपत्रांचीही हीच गत झाली. छोट्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, त्यांची दफ्तरे कुठल्या कुठे गेली. ज्या विहिरीची जबाबदारी घेणारा कुणीच उरलेला नाही, तिला अमेरिकेत ‘अनाथ विहीर’ म्हणतात. नोंद असलेल्या अनाथ विहिरीच एक लाखाहून अधिक आहेत. ज्यांची नोंदच नाही, अशा विहिरी ३ लाख १० हजार ते ८ लाखांच्या दरम्यान असाव्यात, असा तेल-वायू उत्पादक राज्यांच्या संयुक्त आयोगाचा अंदाज आहे. दोन आकड्यांतले हे प्रचंड अंतरच सांगते, की मोजदाद किती अंधारात चालली आहे.

त्यांचा धोका काय?

विहीर म्हणजे शेकडो, कधी हजारो फूट खोल गेलेली एक उभी वाट. नीट न बुजवलेल्या विहिरीतून खालचा वायू वर येतो. त्यातला मुख्य घटक मिथेन. वीस वर्षांच्या कालावधीत मोजले, तर मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक भरते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. तो बंद खोलीत किंवा तळघरात साठला, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. काही ठिकाणी त्यासोबत बेंझिन आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायूही येतात.

दुसरा धोका पाण्याचा. तेलाच्या थरासोबत बहुधा अतिशय खारट पाणी असते. केसिंग गंजले किंवा काढून नेले असेल, तर हे पाणी आणि तेल वरच्या गोड्या पाण्याच्या थरात मिसळू शकते. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी खारे झाले, तरी कारण सापडत नाही. कारण कुणाच्याच नकाशात तिथे तेलविहीर नसते. आणि आता तर जुन्या तेलक्षेत्रांवर घरे, शाळा, दुकाने उभी राहिली आहेत. लॉस एंजेलिस शहरात १८९० च्या दशकातच तेल निघू लागले होते. ओक्लाहोमा राज्याच्या विधिमंडळाच्या आवारातही तेल काढले गेले. त्यामुळे हा केवळ ओसाड माळरानाचा प्रश्न राहिलेला नाही.

ओसेज काउंटीचे वेगळेपण काय?

चार काउंटींपैकी ओसेजची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ओक्लाहोमातील ही सर्वात मोठी काउंटी. ओसेज या मूलनिवासी जमातीने एकोणिसाव्या शतकात ही जमीन पैसे मोजून विकत घेतली होती. १९०६ च्या कायद्याने जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडले गेले. पण जमिनीखालच्या खनिजांचा हक्क मात्र संपूर्ण जमातीकडे सामाईक राहिला. जमिनीचा मालक वेगळा आणि तिच्या पोटातल्या तेलाचा मालक वेगळा, अशी ही व्यवस्था. तेलाचे उत्पन्न यादीतील २,२२९ वाटेकऱ्यांत समान विभागले गेले.

१९२० च्या दशकात या उत्पन्नाने ओसेज लोक श्रीमंत झाले आणि त्या वाट्यांवर डोळा ठेवून अनेक ओसेज स्त्री-पुरुषांचे खून पाडण्यात आले. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या २०२३ मधील ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ या चित्रपटामुळे हा इतिहास जगभर पोहोचला. तेलाचा भर ओसरला, खून करणाऱ्यांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. मात्र जमिनीत खोदलेल्या विहिरींचा हिशेब राहून गेला. इथल्या खनिजांचे विश्वस्त संघराज्य सरकार असल्याने विहिरींचा कारभारही राज्याच्या तेल नियामकाकडे नाही, तर संघराज्य सरकारच्या इंडियन व्यवहार विभागाकडे आहे. दफ्तरे वेगळी, अधिकार वेगळे. अशा ठिकाणी जुन्या नकाशावरचे वर्तुळ हा निःपक्ष साक्षीदार ठरतो. कारण नकाशा काढणाऱ्याचा तेलाशी काही संबंध नव्हता.

संगणकाने नेमके काय केले?

१९४७ ते १९९२ या काळातील नकाशे या अभ्यासात घेतले गेले. यूएसजीएसने आपले जुने नकाशे आधीच स्कॅन केले आहेत. या संग्रहात पावणेदोन लाखांहून अधिक नकाशे आहेत आणि ते कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. स्कॅन करताना प्रत्येक नकाशा अक्षांश-रेखांशांना जोडलेला असल्याने त्यावरच्या कोणत्याही ठिपक्याची जमिनीवरची जागा काढता येते.

अडचण होती ती प्रमाणाची. हजारो नकाशांवरचे एक-एक वर्तुळ माणसाने भिंगाखाली शोधायचे म्हटले, तर वर्षे लागतील. म्हणून संशोधकांनी आधी कॅलिफोर्नियातील शंभराच्या आसपास नकाशांवर विहिरी हाताने खुणावल्या आणि त्यावरून संगणकाला ‘हे वर्तुळ म्हणजे विहीर’ असे शिकवले. वाटते तितके हे सोपे नाही. बंद गल्लीचे गोलाकार टोक, आकड्यातला शून्य, समोच्च रेषेचे छोटे वेटोळे, हे सगळे पोकळ वर्तुळासारखेच दिसते. शिवाय छपाईची शैली दशकागणिक बदलत गेली आहे. कुठे शाई फिकी, कुठे घडीचा डाग.

संगणकाने शोधलेली वर्तुळे मग सरकारी यादीतील विहिरींशी ताडून पाहिली गेली. नोंद असलेल्या विहिरीपासून शंभर मीटरच्या आत असलेले वर्तुळ वगळले. तीच विहीर नकाशावर किंवा यादीत थोडी सरकलेली असू शकते, म्हणून ही सावधगिरी. त्यापलीकडे उरली ती १,३०१ वर्तुळे.

नकाशावर कितपत विसंबायचे?

अमेरिकेत १९४१ पासून नकाशांच्या अचूकतेचे राष्ट्रीय निकष आहेत. त्यानुसार १ : २४,००० प्रमाणाच्या नकाशावर तपासलेल्या ठळक जागांपैकी ९० टक्के जागा प्रत्यक्ष ठिकाणापासून ४० फुटांच्या, म्हणजे साधारण १२ मीटरच्या आत असाव्या लागतात. जुन्या खासगी कागदपत्रांत मात्र ‘अमुक सेक्शनच्या वायव्य चतुर्थांशात’ एवढाच पत्ता असे. चतुर्थांश म्हणजे १६० एकर. एवढ्या रानात वीतभर रुंदीचे भोक शोधायचे आणि बारा मीटरच्या टप्प्यात शोधायचे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरीही नकाशाच्या मर्यादा आहेतच. वर्तुळ एवढेच सांगते, की पाहणीच्या वेळी तिथे विहीर दिसत होती. ती पुढे नीट बुजवली गेली का, हे ते सांगत नाही. पाहणीपूर्वीच नाहीशी झालेली विहीर नकाशावर येणारच नाही. आणि जिथे विहिरींची फारच दाटी होती, तिथे प्रत्येकीसाठी वर्तुळ काढायला कागदावर जागाच नसते. म्हणूनच १,३०१ या आकड्यामागे ‘संभाव्य’ हा शब्द आहे.

पडताळणी दोन प्रकारे झाली. आधी उपग्रहचित्रे आणि जुनी हवाई छायाचित्रे पाहिली गेली. त्यातून २९ विहिरींची खात्री पटली. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन आणखी १५ विहिरी निश्चित झाल्या. जमिनीखाली पोलादी केसिंग शिल्लक असेल, तर त्या जागी चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि मॅग्नेटोमीटर हे उपकरण तो टिपते. ज्या विहिरीचे केसिंग उपसून नेले आहे, तिथे मात्र हे उपकरण मुके राहते. अशा जागी मिथेनमापक, जुनी छायाचित्रे आणि गावातल्या वयस्कर माणसांची आठवण यांवरच भिस्त असते.

नवे नकाशे का चालत नाहीत?

यूएसजीएस २००९ पासून नव्या पद्धतीचे नकाशे काढते. ते संगणकावरील माहितीसाठ्यांतून तयार होतात आणि ठरावीक काळाने अद्ययावत होतात. रस्ते, सीमा, उंची यांबाबत ते जुन्यांपेक्षा ताजे असतात. मात्र पाहणी करणारा माणूस रानोमाळ फिरून जे टिपत असे, ते त्यांत पूर्वीइतके येत नाही. पाइपलाइन, वीजवाहिन्या, अनेक प्रकारच्या इमारती अशा कित्येक गोष्टी नव्या नकाशांत गाळल्या गेल्या. शिवाय नवा नकाशा आजची स्थिती दाखवतो. बुजलेली, गवताखाली गेलेली विहीर आज दिसतच नाही, तर तो ती दाखवणार कशी? मोबाइलवरच्या नकाशांचेही तेच. तुम्हाला पोहोचवणे हे त्यांचे काम. पन्नास वर्षांपूर्वी इथे काय होते, हे सांगणे नव्हे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

महाराष्ट्राचे तेल समुद्रात आहे. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले ते किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर. त्यामुळे राज्याच्या जमिनीवरील टोपोशीटवर तेलविहिरींची वर्तुळे दिसणार नाहीत. देशात तेलाच्या जुन्या विहिरी पाहायच्या तर आसामात दिग्बोईला जावे लागते. तिथे १८८९ मध्ये तेल लागले. मात्र मूळ मुद्दा आपल्याला परका नाही. पाणी न लागलेल्या, उघड्या सोडलेल्या बोअरमध्ये लहान मुले पडण्याच्या घटना दर काही महिन्यांनी घडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडाने भरावी आणि जिल्हा पातळीवर बोअरची नोंद ठेवावी, असे निर्देश दिले. भोक कुठे आहे याची नोंद नसेल, तर ते बुजवायला कुणी जात नाही, हे ओक्लाहोमात जितके खरे तितकेच मराठवाड्यातही.

जुन्या नकाशांबाबत आपल्याकडेही परिस्थिती सुधारली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची, म्हणजे यूएसजीएसपेक्षा शतकभर आधीची. सुरक्षेच्या कारणाने टोपोशीट मिळवणे पूर्वी जिकिरीचे होते. २०१७ पासून १ : ५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे ऑनलाइन उतरवून घेता येऊ लागले आणि २०२१ च्या धोरणाने निर्बंध आणखी सैल झाले. बुजवलेले ओढे, नाहीशी झालेली तळी, जुन्या पाऊलवाटा शोधणाऱ्यांसाठी हा साठा मोलाचा आहे. ह्यूस्टन, डॅलस किंवा लॉस एंजेलिसमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आपल्या भागाचा अर्धशतकापूर्वीचा नकाशा काही मिनिटांत मोफत पाहता येतो.

पुढे काय?

नोव्हेंबर २०२१ मधील पायाभूत सुविधा कायद्याने अनाथ विहिरी बुजवण्यासाठी ४७० कोटी डॉलर मंजूर केले. एक विहीर बुजवायला काही हजार डॉलरपासून लाख डॉलरहून अधिक खर्च येऊ शकतो. खोली, केसिंगची अवस्था आणि विहिरीपर्यंत यंत्र नेण्याची सोय यांवर तो ठरतो. त्यामुळे ही रक्कम मोठी असली, तरी सर्व विहिरींना पुरणारी नाही. कोणती आधी बुजवायची, हे ठरवावेच लागेल. घराजवळची की पिण्याच्या पाण्याजवळची? सर्वाधिक वायू सोडणारी की स्वस्तात उरकणारी?

हा क्रम लावण्यासाठी आधी यादी हवी. लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली अनेक सरकारी प्रयोगशाळा हरवलेल्या विहिरी शोधण्याच्या स्वस्त व जलद पद्धती विकसित करत आहेत; नकाशांचा हा अभ्यास त्याच प्रयत्नांचा भाग. हीच पद्धत इतर काउंटींना लावता येईल, कारण नकाशे सगळ्या देशाचे आहेत आणि खूण सगळीकडे तीच आहे. वर्तुळ सापडले म्हणजे विहीर बुजली असे नाही. त्यानंतर माणूस जावा लागतो, मोजणी व्हावी लागते, निधी मिळावा लागतो, सिमेंट ओतावे लागते. पण ज्या विहिरीचा पत्ताच नाही, तिच्यासाठी यातले काहीही सुरू होत नाही. चार काउंटींतल्या १,३०१ जागांना आता निदान पत्ता तरी मिळाला आहे.